‘मूळ कोडमध्ये बदल आढळले’ म्हणून सपोर्टचं तिकीट दर वेळी परत येतंय?

सोमवारी सकाळी आठला स्टोअरमधून फोन. "अवो साहेब, त्यो हीट नंबरचा रकाना परत गेला बगा. गाडी दारात हुबी हाय, चलन कसं काढू?" हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या एका ओतीचा क्रमांक. शनिवारी रात्री मी ईआरपीनेक्स्टचं, म्हणजे आमचा स्टॉक, चलनं आणि हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, अपडेट चालवलेलं असतं. हा फोन मला दीड वर्षात चार वेळा आला. चारही वेळा मी सपोर्टकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलं आणि चारही वेळा ते दोन ओळींचं उत्तर घेऊन परत आलं: तुमच्या मूळ कोडमध्ये बदल आढळले आहेत, बदल न केलेल्या प्रतीवर अडचण दाखवा.

मालकांचा प्रश्न सरळ होता. "सॉफ्टवेअर ओपन सोर्स, बदलायची मुभा आहे असं तूच सांगितलंस. सपोर्टचे पैसेही आपण भरतो. मग अडतंय कुठं?"

मी कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत ईआरपीनेक्स्ट सांभाळतो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर, तिच्याच फ्रापे नावाच्या चौकटीवर उभं, पायथॉनमध्ये लिहिलेलं, डेटा मारियाडीबीत, परवाना जीपीएल या ओपन सोर्स परवान्याची आवृत्ती ३. सपोर्ट आम्ही एका वेगळ्या व्हेंडरकडून घेतो. खाली जे लिहिलंय ते ईआरपीनेक्स्टच्या भाषेत आहे, पण दुसरं कुठलंही ओपन सोर्स पॅकेज कोड बदलून वापरत असाल तरी दुखणं हेच निघेल.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते मलाही उशिरा कळलं. बदल करायचा हक्क परवान्यातून येतो आणि सपोर्टचा हक्क करारातून. हे दोन वेगळे कागद आहेत. जीपीएलच्या १५ आणि १६ व्या कलमात सरळ लिहिलंय की या सॉफ्टवेअरला कसलीही हमी नाही आणि नुकसानीची जबाबदारीही नाही. हमी किंवा सपोर्ट कुणाला पैसे घेऊन द्यायचा असेल तर देऊ शकतो, एवढी मोकळीक ४ थ्या कलमात आहे. आणि प्रस्तावनेत एक वाक्य आहे जे मी मालकांना मराठीत करून वाचून दाखवलं: बदललेल्या प्रतीवर ती बदललेली असल्याची खूण असावी, म्हणजे तिच्यातल्या अडचणींचा दोष आधीच्या लेखकांच्या माथी बसणार नाही. २००७ साली हा परवाना लिहिणाऱ्यांना आमचं तिकीट आधीच दिसलं असावं.

लिनक्सच्या कर्नलमध्ये तर ही खूण यंत्रानंच मारायची सोय आहे. बाहेरचं मॉड्यूल चढवलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःला 'टेंटेड' (दूषित) म्हणवून घेतं, आणि क्रॅशच्या अहवालात ते पहिल्या काही ओळींतच दिसतं. अहवाल वाचणारा माणूस तिथूनच सावध होतो. ईआरपीनेक्स्टमध्ये अशी खूण नाही. त्यामुळे ती आपणच शोधायची आणि आपणच दाखवायची.

नेमकं काय बदललंय ते आधी बाहेर काढा

आमच्याकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. मूळ बसवणी करणारा मुलगा नोकरी सोडून गेलेला, त्याच्यानंतर दोन फ्रीलान्सर येऊन गेलेले. कागद एकही नाही.

काहीही करण्याआधी फायलींसकट पूर्ण बॅकअप घ्या आणि तो सर्व्हरवरून दुसरीकडे उतरवा. मग बेंचच्या (फ्रापेची ॲप बसवायचं आणि अपडेट करायचं साधन) ॲप्स फोल्डरमध्ये ईआरपीनेक्स्टच्या फोल्डरात जाऊन 'गिट स्टेटस' चालवा. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. कमिट न केलेले, म्हणजे त्या इतिहासात न नोंदलेले, बदल लगेच दिसतील. 'गिट डिफ'चं सगळं आउटपुट एका फायलीत साठवा. ही फाईल म्हणजे तुमचा एक्स-रे आहे, ती जपून ठेवा.

इथं बरेच जण थांबतात आणि फसतात. स्टेटस स्वच्छ आला म्हणजे कोड मूळचाच आहे असं नाही. कुणी बदल करून कमिटही केलेला असू शकतो. म्हणून तुमची शाखा अपस्ट्रीमच्या, म्हणजे मूळ प्रकल्पाच्या, त्याच आवृत्तीच्या शाखेशी ताडून बघा आणि अपस्ट्रीमला नसलेले कमिट कुठले ते काढा. हे करताना गिट विचित्र आकडे दाखवायला लागलं, हजारो फायली वेगळ्या म्हणू लागलं, तर घाबरू नका. बहुतेक वेळा इतिहास अर्धवट उतरवलेला असतो, ज्याला शॅलो क्लोन म्हणतात. 'अनशॅलो' पर्याय लावून पूर्ण इतिहास खेचा आणि परत ताडा.

आमच्याकडे अकरा फायली निघाल्या. फ्रापेच्या फोल्डरात आणखी दोन. ते फोल्डर बघायचं विसरू नका, चौकट बदललेली असेल तर वरच्या ॲपचं काही खरं नाही.

एक हॅश

अकरातल्या नऊ फायली साध्या होत्या, त्यांच्याकडे नंतर येतो. दहावी फाईल स्टॉक लेजरची होती. तिच्यात बदल किती? तीन ओळींच्या आधी हॅशचं (#) चिन्ह, म्हणजे पायथॉन त्या ओळी चालवतच नाही. बस्स.

ते चिन्ह काय करत होतं ते सांगतो. स्टॉक शून्याखाली जात असेल तर ईआरपीनेक्स्ट एंट्री अडवतं. फाउंड्रीत हे रोज घडतं. कास्टिंग ओतलं, फेटलिंग म्हणजे साफसफाई झाली, मशीनिंगला गेलंसुद्धा, पण उत्पादनाची एंट्री सुपरवायझर दुसऱ्या दिवशी करतो. मधल्या वेळात डिस्पॅचवाल्याला लाल संदेश येतो. कुणीतरी, कधीतरी, गाडी दारात उभी असताना, तो संदेश देणारी तपासणीच बंद केली. काम झालं. गाडी गेली. तो माणूसही गेला.

मार्चअखेर आमच्या सीएंनी विचारलं की स्टॉकचं मूल्य स्टॉक लेजरमध्ये एक आणि जनरल लेजरमध्ये दुसरं कसं. मी तिकीट टाकलं, परत आलं. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. मी सपोर्टवरच्या मुलीला फोनवर जरा जास्तच बोललो, हे आज कबूल करतो. कारण चूक तिच्या बाजूला नव्हतीच. माल शून्याखाली गेला की त्या नगाला भाव कुठला लावायचा हे सिस्टीमला मागच्या भावावरून धरून चालावं लागतं. नंतर मागच्या तारखेची आवक नोंदली की भाव बदलतो, पुढच्या सगळ्या एंट्रींचं मूल्यांकन पुन्हा करावं लागतं, आणि मधेच काही अडकलं तर दोन्ही लेजरची फारकत होते. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी 'रिपोस्ट आयटम व्हॅल्युएशन' आहे आणि दोन्ही बाजूंचा फरक दाखवणारा रिपोर्टही आहे. पण तपासणीच काढलेल्या कोडवर ते काय आकडे देतील याची जबाबदारी व्हेंडरनं का घ्यावी?

गंमत म्हणजे 'ऋण स्टॉक चालेल' असं सेटिंग स्टॉक सेटिंग्जमध्ये आधीपासून आहे. परिणामाच्या दृष्टीनं ते आणि हॅश जवळपास सारखेच. पण सेटिंग पडद्यावर दिसतं. सपोर्टवाल्याला ते पहिल्या पाच मिनिटांत सापडतं आणि तो त्याच्यावरून पुढे बोलतो. कोडमधला हॅश कुणालाच दिसत नाही, महिन्याभरानं टाकणाऱ्यालाही नाही.

आम्ही हॅश काढला, सेटिंगही बंदच ठेवलं, आणि उत्पादनाची एंट्री पाळी संपायच्या आत झाली पाहिजे असं ठरवलं. पहिले पंधरा दिवस शिव्या खाल्ल्या.

हीट नंबरचा रकाना का जातो, आणि डेटा कुठं असतो

आता सोमवारच्या फोनकडे. हा रकाना मूळ मुलानं डेव्हलपर मोड चालू ठेवून डिलिव्हरी नोटच्या (चलनाच्या) मूळ डॉकटाइपमध्येच, म्हणजे फॉर्मच्या आराखड्यातच, घातला होता. डेव्हलपर मोडमध्ये असं केलं की तो बदल तो आराखडा ठेवणाऱ्या ॲपच्या जेसन फायलीत लिहिला जातो, म्हणजे ईआरपीनेक्स्टच्या घरात. अपडेट करताना बेंच अशा फायली बघून थांबतं आणि सांगतं की स्थानिक बदल कमिट केलेले नाहीत, पुढे जाता येत नाही. मग तीन वाटा देतं: हातानं मर्ज करा, बदल तात्पुरते बाजूला ठेवा नाहीतर रीसेटनं कायमचे टाकून द्या, किंवा बदल इतरांच्या उपयोगाचा असेल तर मूळ प्रकल्पाकडे पाठवा.

शनिवारी रात्री अकरा वाजता माणूस कुठली वाट धरतो? मी रीसेट धरत होतो. अपडेट सुरळीत व्हायचं, नवी जेसन फाईल यायची, तिच्यात हीट नंबर नसायचा, 'मायग्रेट' ही अपडेटची पायरी त्या फायलीप्रमाणे फॉर्म बनवायची आणि रकाना गायब. सोमवारी फोन आला की मी 'चालू_जुने' नावाच्या फोल्डरातून जुन्या फायली उचलून नव्यांवर चिकटवायचो. रकाना परत यायचा आणि स्टोअर खूश.

माझी खरी चूक ही होती आणि ती कळायला चार अपडेट लागले. जुनी अख्खी फाईल नव्या फायलीवर चिकटवली की फक्त माझा बदल परत येत नाही, व्हेंडरनं आणि मूळ प्रकल्पानं त्या फायलीत मधल्या काळात केलेल्या सगळ्या दुरुस्त्याही पुसल्या जातात. म्हणजे मी तिकीट टाकायचो, ते सांगायचे की हे तर मागच्याच अपडेटमध्ये दुरुस्त झालंय, मी सांगायचो की अपडेट केलंय, आणि दोघंही खरं बोलत असायचो.

तुमचा रकाना गेलाच असेल तर एक दिलासा आहे. फ्रापे फॉर्मवरचा रकाना काढतं, पण डेटाबेसच्या तक्त्यातला स्तंभ अपडेटमध्ये काढत नाही. जुने हीट नंबर तिथंच असतात, फक्त दिसत नाहीत. तेव्हा जुनी फाईल चिकटवू नका. त्याच डॉकटाइपवर कस्टम फील्ड बनवा, फील्डनेम अक्षरशः तेच जुनं हातानं लिहा, प्रकारही तोच ठेवा. लेबलवरून नाव आपोआप बनू दिलंत तर वेगळं नाव पडेल आणि नवा रिकामा स्तंभ तयार होईल. नाव जुळलं की जुना डेटा समोर येतो. हे सगळं होईपर्यंत बेंचची 'ट्रिम टेबल्स' आज्ञा चुकूनही चालवू नका. अनाथ स्तंभ उडवणं हेच तिचं काम आहे.

बदल आपल्या घरात हलवा

कस्टम फील्ड, प्रॉपर्टी सेटर (मूळ रकान्याचे गुणधर्म बदलणारी नोंद), प्रिंट फॉरमॅट, क्लायंट स्क्रिप्ट हे सगळं डेटाबेसमध्ये राहतं आणि अपडेटमध्ये टिकतं. एवढ्यानं आमच्या नऊपैकी सहा फायली मूळ रूपात आल्या. एक फाईल तर नुसत्या 'डिलिव्हरी नोट'च्या जागी 'चलन' शब्द दिसावा म्हणून बदललेली होती! त्याला भाषांतराची सोय आहे, कोडला हात लावायची गरजच नव्हती.

एकानं जीएसटीच्या भागात, ईआरपीनेक्स्टच्या भारतासाठीच्या प्रादेशिक फोल्डरात बदल केला होता. आवृत्ती १४ मध्ये, म्हणजे २०२२ साली, तो सगळा भाग ईआरपीनेक्स्टमधून काढून इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या ॲपमध्ये गेला. ज्या फायलीत बदल होता ती फाईलच राहिली नाही. तसंच जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाचं: आवृत्ती १३ पर्यंत ते पर्चेस ऑर्डर आणि पर्चेस रिसीटमधून चालायचं, १४ पासून सबकॉन्ट्रॅक्टिंग ऑर्डर आणि सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीट असे स्वतंत्र डॉकटाइप आले. आमच्या नग आणि किलोच्या हिशेबाचा जुना बदल ज्या फंक्शनमध्ये बसवला होता तिथून जॉबवर्क आता जातच नव्हतं. कोड शाबूत, परिणाम शून्य. असले बदल शोधून टाकून द्या. व्हेंडरला दिसतात आणि तिकीट अडवतात, तुम्हाला उपयोग काही नाही.

उरलेल्यांसाठी स्वतःचं कस्टम ॲप बनवा. 'सबमिट करताना वजन भरलेलंच पाहिजे' असल्या तपासण्या हुक्स फायलीत डॉक इव्हेंट म्हणून, म्हणजे फॉर्म सेव्ह किंवा सबमिट होताना चालणारा आपला कोड म्हणून, लावा. कस्टम फील्ड फिक्श्चर (ॲपसोबत जाणाऱ्या तयार नोंदी) म्हणून याच ॲपमध्ये निर्यात करून ठेवा, म्हणजे नव्या सर्व्हरवर परत हातानं बनवावी लागणार नाहीत. आतलं गणितच बदलायचं असेल तर आवृत्ती १३ पासून डॉकटाइपचा क्लास (त्याचा कोड) ओव्हरराइड करता येतो, म्हणजे त्याच्या जागी आपला लावता येतो.

पण ओव्हरराइडबद्दल माझं मत जरा कडक आहे. मूळ मेथड (क्लासमधलं फंक्शन) आधी बोलवा आणि नंतर आपलं काय ते करा. मूळ मेथडची पन्नास ओळींची नक्कल आपल्या ॲपमध्ये आणून त्यातली एक ओळ बदलली, तर 'चालू_जुने' फोल्डरच परत आलं, फक्त ऐटीत. पुढच्या आवृत्तीत मूळ मेथड सुधारेल, तुमची नक्कल जुनीच राहील, आणि या वेळी 'गिट स्टेटस' स्वच्छ दिसेल. दोन ॲपनी एकाच डॉकटाइपचा क्लास ओव्हरराइड केला तर शेवटी बसवलेल्याचा चालतो, हेही ध्यानात असू द्या. आमच्याकडे एका फ्रीलान्सरचं छोटं ॲप असंच दुसऱ्याला गिळून बसलं होतं.

आणखी वाईट म्हणजे ॲप सुरू होतानाच मूळ फंक्शनच्या जागी आपलं फंक्शन चढवणं. चालतं, पण कुठंच दिसत नाही. असं काही असेल तर ते व्हेंडरला आपणहून सांगा. लपवून फायदा फक्त पहिल्या तिकिटापुरता होतो.

कोरी साइट

तिकीट परत न येण्याचा खरा उपाय म्हणजे दुसऱ्या मशीनवर कोरी बेंच तयार ठेवणं. तिच्यात फक्त मूळ फ्रापे, ईआरपीनेक्स्ट आणि लागत असेल तर इंडिया कम्प्लायन्स. रोजच्या चालू सर्व्हरवर जो कमिट आहे अगदी तोच. तिच्यावर बॅकअप चढवा आणि अडचण करून बघा.

बॅकअप चढवला की पहिली रडारड होते ती कस्टम ॲप सापडत नाही म्हणून. साइटच्या नोंदीत ते ॲप बसवलेलं असतं, बेंचमध्ये नसतं. 'रिमूव्ह फ्रॉम इन्स्टॉल्ड ॲप्स' या बेंच आज्ञेनं नोंद काढा. मग क्लायंट स्क्रिप्ट आणि सर्व्हर स्क्रिप्ट एकेक करून बंद करा, कारण त्या डेटाबेससोबत कोऱ्या साइटवरही येतात. नुसती ॲप काढून 'कोरी' म्हणाल तर व्हेंडर दुसऱ्याच मिनिटाला स्क्रिप्ट दाखवेल. उलट फसगतही होते: आवृत्ती १५ मध्ये सर्व्हर स्क्रिप्ट मुळातच बंद असतात, सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये चालू कराव्या लागतात. कोऱ्या बेंचवर त्या चालल्याच नाहीत आणि अडचण नाहीशी झाली, तर दोषी ॲप असेलच असं नाही, स्क्रिप्टही असू शकते. आमच्या एका बंद पडणाऱ्या सेल्स इनव्हॉइसचं मूळ तसंच निघालं, मीच दिवाळीच्या आधी लिहिलेली सहा ओळींची स्क्रिप्ट.

कोऱ्या साइटवर घडलं तर तिकीट टाका. नाही घडलं तर आपलं घर तपासा: कस्टम ॲप बसवा, बघा, मग स्क्रिप्ट एकेक चालू करा, बघा. कंटाळवाणं आहे, पण अर्ध्या दिवसात उत्तर मिळतं. तिकिटाच्या फेऱ्यांत आमचे तीन आठवडे जायचे.

एरर लॉगमधला ट्रेसबॅक, म्हणजे चूक कुठल्या फायलींतून जात आली त्याची यादी, वाचतानाही हेच बघा. शेवटच्या काही ओळींत फायलींचे पत्ते कुठल्या ॲपचे आहेत? मधे कुठंतरी तुमच्या ॲपचं नाव आलं म्हणजे चूक तुमचीच असं नाही, पण वाचणारा तिथंच थांबणार हे गृहीत धरा.

तिकिटात काय लिहायचं

आता मी साधारण असं लिहितो:

"फ्रापे आणि ईआरपीनेक्स्टची आवृत्ती आणि दोन्हींचे कमिट क्रमांक खाली दिले आहेत. दोन्ही ॲपमध्ये स्थानिक बदल नाहीत, गिट स्टेटसचं आउटपुट जोडलंय. एक कस्टम ॲप आहे, त्यात एक क्लास ओव्हरराइड आणि चार डॉक इव्हेंट आहेत, यादी जोडली आहे. ही अडचण कस्टम ॲप आणि सर्व स्क्रिप्ट काढलेल्या कोऱ्या साइटवरही येते. पायऱ्या: अमुक आयटम, दोन नगांची आवक, मागील तारखेची जावक, सबमिट. अपेक्षित काय होतं, आलं काय, ट्रेसबॅक पूर्ण जोडलाय."

ग्राहकांची नावं, दर, जीएसटी क्रमांक काढून टाका, नमुन्याचा आयटम बनवा. 'साइट चालत नाही, अर्जंट' असं विषयात लिहिलेली माझी जुनी तिकिटं मी परवा वाचली. मीसुद्धा परत पाठवली असती.

कराराचं नूतनीकरण आलं तेव्हा आम्ही दोन गोष्टी लेखी घेतल्या. एक, कोऱ्या साइटवर दाखवलेली अडचण कस्टम ॲप असलं तरी सपोर्टमध्ये धरायची. दोन, कस्टम ॲपमधल्या अडचणींसाठी तासाचा वेगळा दर. व्हेंडरनं दोन्ही ताबडतोब मान्य केलं, कारण त्यांनाही याच वादाचा कंटाळा आलेला होता.

अकरा फायलींपैकी आज आतलं गणित बदलणारा एकच बदल जिवंत आहे, तो नग आणि किलोचा. प्रत्येक हीटमध्ये नगाचं वजन थोडं फिरतं, म्हणून एका आयटमला एकच रूपांतर गुणक ठेवून आमचं भागत नाही. तो आता सबकॉन्ट्रॅक्टिंग रिसीटच्या क्लासवर आहे, मूळ मेथड बोलवून नंतरच्या बावीस ओळींत. ती फाईल मी व्हेंडरकडे आधीच देऊन ठेवली आहे. पुढचं मोठं अपडेट कोऱ्या बेंचवर चढवलं की पहिली तीच तपासायची, आणि या वेळी शनिवारी रात्री नाही.